दारातला माणूस : भाड्याच्या घराच्या शोधाचा एक इतिहास

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण वर्गात सहज सांगून जातो. फिरतीच्या माणसाची दैना तिच्यातून व्यक्त होते, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आपण त्यांना गुणही देतो. परंतु विंचवाची एक सोय या म्हणीच्या आड राहून जाते : त्याला बिऱ्हाड शोधावे लागत नाही. माणसाला ते शोधावे लागते, आणि शोधताना आपण कोण आहोत हे एका अनोळखी दारात उभे राहून सांगावे लागते.

आम्ही मराठी शिकवणारी मंडळी नोकरीनिमित्त निरनिराळ्या गावांहून पुण्या-मुंबईत आलो, तेव्हा प्रत्येकाने हा शोध केला आहे. दलालाच्या मागोमाग जिने चढलो आहोत, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिलो आहोत. भाडे आणि अनामत यांची बोलणी नंतरची. पहिला प्रश्न असे, ‘आडनाव काय?’ आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘गाव कोणतं?’ आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘घरात मटण-मच्छी होते का?’ या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन आमच्यातल्या काहींना किल्ली मिळाली. काहींना असे कळले, की ती जागा कालच मालकांच्या भाच्याला द्यायची ठरली आहे. तो भाचा पुढे दोन महिने राहायला आला नव्हता, हे समोरच्या पानवाल्याकडून समजले.

घरभाड्याचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कायद्यांचा इतिहास म्हणून. कोणत्या साली भाडे गोठवले, कोणत्या साली मोकळे केले, मालकाचे किती नुकसान झाले, भाडेकरूला किती संरक्षण मिळाले, हे त्यात सविस्तर येते. ते सारे आवश्यक आहेच. परंतु हा इतिहास घराच्या आत पोहोचलेल्या माणसाचा आहे. जो अद्याप दारात उभा आहे, त्याची नोंद त्यात फारशी नाही. ती नोंद साहित्याने आणि आत्मकथनांनी ठेवली आहे. प्रस्तुत लेखात हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेत, असा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही एका भाडेकरूची तीन बिऱ्हाडे आधाराला घेतो. हा भाडेकरू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पहिले बिऱ्हाड मुंबईतले. परळच्या पोयबावाडीतील बीआयटी चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, १९१२ पासून १९३४ पर्यंत आंबेडकरांचे वास्तव्य होते. ‘बीआयटी’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी इतके रुळले आहे, की त्यामागचा इतिहास विसरला जातो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक ज्वराची साथ सुरू झाली. कोंदट, दाटीच्या वस्त्यांत ती झपाट्याने पसरली आणि लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा १८९८ साली ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. या ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि काही ठिकाणी चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी. जेवढी घरे पाडली तेवढी बांधली गेली नाहीत, ही टीका तेव्हाही झाली होती. तरीही एक गोष्ट महत्त्वाची होती. या चाळीचा मालक कोणी शेटजी वा वाडेवाला नव्हता, एक सार्वजनिक संस्था होती. घराची किल्ली एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

दुसरे बिऱ्हाड बडोद्याचे. ते जेमतेम अकरा दिवस टिकले. १९१७ साली अमेरिकेतील शिक्षणानंतर आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या अटीनुसार नोकरीसाठी बडोद्यास गेले. उच्च शिक्षण होते, नोकरी ठरलेली होती, खिशात भाडेही होते. घर मात्र मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला दहा-बारा जणांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचे त्याने बजावले. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मागितला. दोघांनीही सौम्य शब्दांत असमर्थता व्यक्त केली. एकाने नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे. पुढचे काही तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात हा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. तो वाचताना काठ्यांपेक्षा त्या दोन स्नेह्यांची उत्तरे अधिक अस्वस्थ करतात, कारण ती आपल्या परिचयाची आहेत. ‘कालच भाच्याला द्यायची ठरली’ हे वाक्य याच जातकुळीचे.

तिसरे बिऱ्हाड लंडनचे. प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ साली, आंबेडकर तेथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ती वास्तू विकत घेतली. इंग्रजांच्या शहरांत सर्वत्र आढळणारे हे ओळीतले घर आहे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक, दर्शनी भाग एकसारखा, मजले उभे चढत गेलेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कंत्राटदारांनी अशा ओळीच्या ओळी उभ्या केल्या. त्या एकेका कुटुंबासाठी बांधलेल्या असल्या, तरी सुस्थितीतील कुटुंबे उपनगरांत सरकली तशी मजल्यामजल्याने आणि खोली-खोलीने ती भाड्याने जाऊ लागली. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील दहापैकी सुमारे नऊ कुटुंबे खाजगी मालकांच्या घरांत भाड्याने राहत होती. ओळीत राहणारा लंडनकर आणि चाळीत राहणारा मुंबईकर यांच्या राहणीत अंतर पुष्कळ होते, परंतु मालकाच्या मर्जीपुढे दोघेही सारखेच होते.

या दोन शहरांतला धागा केवळ तुलनेचा नाही, कायद्याचाही आहे. १९१५ साली, युद्ध चालू असताना, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगारांचे लोंढे आले. घरे तेवढीच राहिली आणि मालकांनी भाडी चढवली. गोव्हन भागात मेरी बार्बर या कामगार घरातील बाईंच्या पुढाकाराने स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. जप्ती करणारे अधिकारी जिन्यात आले की घंटा वाजवून शेजारणी गोळा व्हायच्या आणि त्यांना परतवून लावायच्या. ग्लासगोची ही घरे ओळीतली नव्हती. एका जिन्याभोवती मजल्यांवर मांडलेली ती बिऱ्हाडे होती, म्हणजे आपल्या चाळीची जवळची नातेवाईक. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंवरील खटल्यांच्या वेळी हजारोंचा जमाव न्यायालयाबाहेर जमला आणि खटले मागे घेतले गेले. डिसेंबरात ब्रिटिश संसदेने भाडेवाढ रोखणारा कायदा केला. भाडे ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधले गेले.

तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबई इलाख्यातही युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दोन्हीकडे तो तात्पुरता म्हणून आला आणि दोन्हीकडे रूप बदलत टिकून राहिला.

कायद्याच्या बरोबरीने सरकारने बांधकामही केले. १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे त्याने २०७ चाळी बांधल्या, त्या बीडीडी चाळी. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या या इमारतींना कामगारांनी प्रारंभी फारसा प्रतिसाद दिला नाही. भाडे परवडत नव्हते, गिरणी दूर पडत होती, खोल्या अंधाऱ्या होत्या. घरांसाठी तळमळणाऱ्या शहरात कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. घरांची संख्या आणि घर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. आणि सरकारी मालकीमुळे जातीची रेघ पुसली गेली असेही नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत झालेली दंगल त्याची साक्ष आहे.

मुंबईच्या घरशोधाला निर्णायक वळण दिले ते १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडले गेले. भाडे भरणाऱ्या भाडेकरूला सहजासहजी काढता येईना आणि त्याच्या पश्चात त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाऊ लागला. फाळणीनंतरच्या लोंढ्यांच्या काळात या संरक्षणाचे मोल फार मोठे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाडे गोठले आणि किंमत वाढत राहिली, की ती किंमत दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. ही वाट म्हणजे पागडी. खोली घेताना एकरकमी रक्कम द्यायची, पावती मात्र किरकोळ मासिक भाड्याची घ्यायची. खोली सोडताना नव्या माणसाकडून पागडी घ्यायची आणि तिच्यातला वाटा मालकाला द्यायचा. कायद्याने गुन्हा ठरवलेली ही रीत सर्वांच्या डोळ्यांदेखत चालली आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, ती वैध ठरवली. दुरुस्तीचा खर्च न परवडणाऱ्या मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. मग त्यांच्यावर उपकर बसवून सरकारी मंडळामार्फत दुरुस्ती करण्याची व्यवस्था उभी करावी लागली.

साहित्याच्या अभ्यासकाला या कायद्यात रस असण्याचे एक कारण आहे. ज्याला आपण चाळसंस्कृती म्हणतो, ती बऱ्याच अंशी या गोठलेल्या भाड्याची निर्मिती आहे. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या एकाच मजल्यावर राहिल्या, म्हणून शेजार निर्माण झाला. गणेशोत्सव, नाटक, भांडणे, लग्ने यांची स्मृती साठत गेली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील माणसे गैरसोयींवर हसू शकतात, कारण त्यांच्या डोक्यावरचे छप्पर कोणी काढून घेणार नाही. हा आत असलेल्यांचा विनोद आहे. तो खोटा नाही; आमच्यापैकी अनेकांचे बालपण त्यात आहे. पण तो विनोद ज्या स्थैर्यातून आला, त्याची किंमत बाहेर उभ्या असलेल्याने पागडीच्या रूपाने मोजली, हे चाळीचे गोडवे गाताना आपण विसरतो.

बाहेर उभ्या असलेल्याचे साहित्य वेगळ्या स्वरात लिहिले गेले. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील निवेदक नोकरीच्या परक्या गावी जात न सांगता राहतो. ती उघड होताच त्याला मार बसतो. बडोद्याच्या प्रसंगानंतर जवळजवळ चार तपांचा काळ लोटला होता. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, संविधान आले, अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरली. परंतु निवाऱ्यासाठी नाव लपवण्याची युक्ती तीच राहिली. आंबेडकरांचे आत्मकथन आणि बागूलांची कथा एकत्र शिकवल्यास भाड्याच्या घराचा इतिहास वर्गात फार सहज उलगडतो, असा आमचा अनुभव आहे.

याच सुमारास लंडनच्या ओळीतल्या घरांच्या दारांतही हाच प्रश्न उभा होता. १९४८ पासून कॅरिबियन बेटांतून आणि पुढे भारत-पाकिस्तानातून कामगार ब्रिटनमध्ये गेले. कारखान्यांना आणि बसगाड्यांना ते हवे होते, घरमालकांना नको होते. काळ्या लोकांनी चौकशी करू नये, अशा अर्थाच्या पाट्या खिडक्यांत लागत. आपल्या महाविद्यालयांत अनेकदा अभ्यासाला असणारी वोले शोयिंका यांची ‘टेलिफोन कॉन्व्हर्सेशन’ ही कविता याच अनुभवाची आहे. खोलीची चौकशी, भाडे पसंत, आणि मग कातडीच्या रंगाबद्दलचा प्रश्न. १९५७ च्या कायद्याने रिकाम्या होणाऱ्या घरांवरचे भाडेनियंत्रण उठवले, तेव्हा जुन्या भाडेकरूला हुसकावण्यात मालकाचा फायदा निर्माण झाला. नॉटिंग हिल भागातील पीटर रॅकमन हा मालक या धंद्यासाठी कुप्रसिद्ध झाला. त्याच्या जुनाट ओळीतल्या घरांत जबर भाडे भरून राहणाऱ्यांत कॅरिबियन लोक मोठ्या संख्येने होते, कारण अन्य दारे त्यांना बंद होती.

जे नाकारले गेले, त्यांनी आपल्या परीने वाट काढली. कॅरिबियन कुटुंबांनी ‘पार्डनर’ नावाची पद्धत चालवली. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. आपण जिला भिशी म्हणतो, तीच ही. त्या पैशांतून ब्रिक्स्टनसारख्या भागातील पडीक घरे त्यांनी विकत घेतली आणि मागून येणाऱ्या गाववाल्यांना खोल्या दिल्या. मुंबईत गोव्याच्या लोकांनी याच गरजेतून ‘कूड’ उभारले होते. एकेका गावाने धोबीतलाव-डाबूल परिसरात जागा घ्यायची. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशाने तेथे पेटी ठेवायची आणि पथारी टाकायची. कोकणातील गावांच्या गिरणगावातल्या खोल्याही अशाच. या जागांत परक्याला ‘कोण तुम्ही?’ असे विचारले जाईच. फक्त तो प्रश्न आपल्या माणसाला सामावून घेण्यासाठी असे. म्हणून तो निर्दोष ठरतो असे नाही, पण त्याचा उगम बंद दारात आहे हे लक्षात ठेवले पाहिजे.

लंडनचा आणि आपला इतिहास यापुढे वेगळा होतो. ब्रिटनच्या १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात घरे नव्हती, केवळ सार्वजनिक ठिकाणे होती. १९६७ साली एका संशोधन संस्थेने एक साधी चाचणी केली. एक इंग्रज, एक हंगेरियन आणि एक कॅरिबियन, तिघांनाही सारखीच पात्रता देऊन त्याच जागांची चौकशी करायला पाठवले. कॅरिबियन माणसाला मिळालेल्या नकारांनी वाद मिटवला. १९६८ च्या कायद्यात घरभाड्याचा समावेश झाला. नकार त्यामुळे थांबले नाहीत, परंतु ते बेकायदा ठरले.

आपल्याकडे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची दारे नावानिशी सर्वांना उघडली. खाजगी भाड्याचे घर त्या यादीत नाही. भाडेविषयक कायदे मात्र पुन्हा पुन्हा बदलले. १९७३ च्या दुरुस्तीने तेव्हा परवान्यावर राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा दिला. परिणामी आत असलेले सुखावले आणि मालकांनी दारे अधिकच घट्ट लावली. अकरा महिन्यांच्या कराराची रीत रूढ झाली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या भाड्याला चिकटून राहणे आता न्याय्य नाही, असा निर्वाळा दिला. २००५ साली त्याच न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या धर्मीयांपुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य मानला. २०१५ साली प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील घरभाड्याचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत १९६७ च्या ब्रिटनमधील चाचणीसारखीच होती. जागा तीच, चौकशी करणाऱ्याचे नाव वेगळे. दलितांना नकार मिळाले, मुसलमानांना त्याहून अधिक.

एका शतकात आपण भाडे किती असावे याचा विचार अनेकदा केला. दार कोणासाठी उघडावे हा विचार मालकाच्या मर्जीवर सोडला. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधले आणि त्यात ग्रंथांसाठी प्रशस्त जागा ठेवली. भाड्याच्या शोधातून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. पण प्रत्येकाला ‘राजगृह’ बांधता येत नाही, आणि भाड्याने राहणे हा गुन्हाही नाही.

जाता जाता एक कबुली दिली पाहिजे. आमच्यातील एका प्राध्यापकांनी कर्ज काढून उपनगरात एक छोटी जागा घेतली आहे आणि ती ते भाड्याने देतात. हे तेच, ज्यांना वीस वर्षांपूर्वी त्या न आलेल्या भाच्यामुळे परतावे लागले होते. मागील वर्षी दलालाने त्यांना फोनवर विचारले, ‘सर, कसली माणसं चालतील?’ सर म्हणाले, ‘चांगली. आपल्यासारखी.’ दलालाने पुढे काही विचारले नाही. फोन ठेवल्यावर ‘आपल्यासारखी’ म्हणजे आपण नेमके काय म्हणालो, हे सरांच्या ध्यानात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आम्हांला सांगितले. दलालाला मात्र ते ऐकताक्षणीच कळले होते. त्याने आणलेली पहिली तिन्ही कुटुंबे एकाच जातीची होती.